निष्ठा की तत्त्व? गेममध्ये आपलाच गट फुटतो तेव्हा या चुका टाळा

महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जगात घडणाऱ्या गेममध्ये शत्रू ओळखणं फारसं अवघड नसतं. खरी पंचाईत होते ती आपलाच गट दुभंगतो तेव्हा. कालपर्यंत ज्याच्या शेजारी उभं राहून लढलो, त्याच्यावरच बंदूक रोखायला सांगतात, आणि स्क्रीनवर चार उत्तरं येऊन थांबतात. तिथे बरेच जण घाईत बटण दाबतात आणि मग पुढचा सगळा खेळ त्यांना खटकत राहतो. फॉलआउट मालिकेतला ब्रदरहुड ऑफ स्टील हा जुनं तंत्रज्ञान गोळा करून जपणारा लष्करी गट भागामागून भाग आतून फुटत आलेला आहे, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो. कथानकातली रहस्यं उघड होणार आहेत. ज्यांचा खेळ अजून बाकी आहे त्यांनी आधी तो संपवावा.

चूक पहिली: माणूस, पद आणि नियम एकाच गाठोड्यात बांधणं

'मी ब्रदरहुडशी एकनिष्ठ आहे' हे वाक्य ऐकायला ठाम वाटतं, पण निष्ठा नेमकी कोणाशी? ज्याने तुम्हाला गटात आणलं त्या माणसाशी, हुकूम देणाऱ्या पदाशी, की गट ज्यासाठी उभा राहिला त्या नियमाशी? एरवी हे तिन्ही एकाच दिशेला असतात, त्यामुळे प्रश्न पडत नाही. फूट पडते तेव्हा ते तीन वाटांनी जातात.

फॉलआउट ४ (२०१५) मधली 'ब्लाइंड बिट्रेयल' ही क्वेस्ट, म्हणजे मोहीम, या दृष्टीने नीट बघा. पॅलाडिन (हे वरिष्ठ योद्ध्याचं पद) डान्स हा तुम्हाला ब्रदरहुडमध्ये आणणारा माणूस. सिंथ म्हणजे कृत्रिम माणसं, आणि ती नष्टच व्हायला हवीत यावर त्याची पक्की श्रद्धा. मग सिंथ बनवणाऱ्या इन्स्टिट्यूट या संस्थेच्या नोंदींतून उघड होतं की डान्स स्वतःच सिंथ आहे, एम७-९७. गटाचा प्रमुख, म्हणजे एल्डर, मॅक्सन त्याला ठार करायचा हुकूम देतो. ब्रदरहुडची स्क्राइब (नोंदी आणि संशोधन सांभाळणारी) हेलेन तुम्हाला गाठून विनवते की आधी त्याचं ऐकून घ्या. आणि लिसनिंग पोस्ट ब्राव्हो या बंकरमध्ये लपलेला डान्स काय म्हणतो? मला मार, नियम सगळ्यांना सारखा असला पाहिजे.

इथेच खेळाडू गडबडतात. डान्सला वाचवणं म्हणजे ब्रदरहुडशी गद्दारी, असं समजून काही जण जड मनाने गोळी झाडतात. काही जण उलट टोकाला जातात आणि चिडून सगळ्या गटाशीच वैर घेतात. दोन्हींची गरज नसते. डान्सला जगण्यासाठी राजी करता येतं. नंतर बाहेर खुद्द मॅक्सन येऊन उभा राहतो, त्यालाही समजावता येतं. तो एका अटीवर मानतो: ब्रदरहुडच्या लेखी डान्स मेलेला असेल. तुम्हाला पॅलाडिनची बढतीही मिळते आणि डान्स साथीदार म्हणूनही राहतो. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण नियम कागदावर शाबूत ठेवण्यासाठी मॅक्सनला खोट्याचा आधार घ्यावा लागतो आणि तो घेतो. नियमाचा सर्वांत कडवा राखणदार जर इतकं वाकू शकतो, तर तुम्ही डोळे मिटून हुकूम पाळायचं कारण काय?

व्यवहाराचं सांगायचं तर, बंकरमधून वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये चढण्याआधी स्वतः हाताने सेव्ह करा. ऑटोसेव्हवर विसंबू नका, तो पुढच्या सेव्हखाली पुसला जातो. मॅक्सनला पटवण्यासाठी करिष्मा (बोलून पटवण्याचा गुण) लागतो, तेव्हा तो वाढवणारे कपडे सोबत असू द्या. आणि ही क्वेस्ट पूर्ण होण्याआधी ब्रदरहुडशी शत्रुत्व घेऊ नका. त्यावेळी डान्स अजून त्यांचाच असतो, त्यामुळे तोही तुमच्यावर उलटतो.

चूक दुसरी: बंड करणारा तो तत्त्वनिष्ठ, असं गृहीत धरणं

आपल्याला बंडखोर आवडतात, पण प्रत्येक बंडामागे तत्त्व असतंच असं नाही. असलंच तरी ते दयाळू असेल याची खात्री नाही. फॉलआउट ३ (२००८) मध्ये एल्डर लायन्स सामान्य माणसांच्या रक्षणाला अग्रक्रम देतो. मूळ काम तंत्रज्ञान गोळा करून जपण्याचं होतं, असं म्हणत एक गट बाहेर पडतो. हेच आउटकास्ट. मूळ नियमाला ते लायन्सपेक्षा जास्त धरून आहेत यात शंका नाही. पण गावात माणसं मेली तर त्यांना काय त्याचं! त्याच गेमच्या 'ऑपरेशन: अँकरेज' या विस्तारात आउटकास्टही फुटतात. कबूल केलेला वाटा तुम्हाला द्यायचा, यावर प्रोटेक्टर मॅकग्रॉ ठाम असतो. डिफेंडर सिबली तो द्यायला तयार नसतो आणि बंदूक उचलतो. इथे शब्द पाळणारा वरिष्ठ आहे आणि बंडखोर फक्त लोभी.

फॉलआउट: न्यू व्हेगास (२०१०) मधला ब्रदरहुडचा हेड पॅलाडिन हार्डिन याहून गुंतागुंतीचा आहे. हेलिओस वन या वीजकेंद्रावरच्या पराभवानंतर एल्डर मॅकनमाराने सगळ्यांना हिडन व्हॅलीच्या बंकरमध्ये कोंडून ठेवलंय. हार्डिनला ते मान्य नाही, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मॅकनमाराला हटवायला तो कोणता मार्ग वापरतो ते पाहा: हुकूम वरिष्ठाकडून थेट खालच्याकडेच गेला पाहिजे, या जुन्या नियमाचा भंग. मॅकनमाराने मधल्या पायऱ्या टाळून हुकूम दिले, एवढाच गुन्हा. तत्त्वाचा इथे पाचरीसारखा वापर होतो. हार्डिनला साथ देण्यापूर्वी एक लक्षात ठेवा: पुढे एनसीआरशी (न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक या राज्याशी) ब्रदरहुडचा तह घडवायचा असेल, तर मॅकनमारा पदावर असताना तो रस्ता खुला असतो.

चूक तिसरी: पुरावा दाखवला की गट बदलेल, ही आशा

न्यू व्हेगासमधली तुमची साथीदार आणि ब्रदरहुडची स्क्राइब व्हेरोनिका, तिची गोष्ट मनाला लागते. ब्रदरहुड असाच बंद दाराआड राहिला तर संपेल, हे तिला दिसतं, आणि एल्डरला पटवण्यासाठी ती तुमच्यासोबत एखादं तंत्रज्ञान शोधते. व्हॉल्ट २२ (व्हॉल्ट म्हणजे युद्धापूर्वी बांधलेला भूमिगत आसरा) मधली पिकांची माहिती, व्हॉल्ट ३४ मधली पल्स गन, की फ्रीसाइडमधल्या पोराच्या हातातलं खेळणं वाटणारं यंत्र, कोणतं न्यायचं ते तुम्ही ठरवता. मग लोक सेव्ह पुन्हा लोड करून 'बरोबर' वस्तू शोधत बसतात. तशी वस्तू नाहीच. काहीही न्या, एल्डरचा नकार ठरलेला आहे.

त्यानंतर ती राहायचं की निघायचं हे तुम्हाला विचारते. राहिली तर तिचं संरक्षण वाढवणारा पर्क, म्हणजे खास क्षमता, मिळतो, निघाली तर तिचे ठोसे वेगाने पडतात. कृपा करून तेवढ्यावर ठरवू नका. निघाली तर ती फॉलोअर्स या लोकांवर उपचार करणाऱ्या गटाच्या ठाण्यावर आसरा मागते, आणि तिच्या मागावर आलेले पॅलाडिन तिथल्या डॉक्टरांची कत्तल करतात. तरीही तिने निघावं असंच माझं मत आहे. डॉक्टरांचं रक्त मारणाऱ्यांच्या माथी आहे, तिच्या नाही. मात्र हा निर्णय स्वस्तात पडेल असं समजून घेऊ नका.

आधीच बिघडलं असेल तर

न्यू व्हेगासमध्ये चांगलं नाव आणि बदनामी वेगवेगळी मोजली जाते. कितीही पुण्य केलं तरी आधीची बदनामी पुसली जात नाही, त्यामुळे रुसलेल्या गटासाठी छोटी-छोटी कामं करत बसण्यात वेळ जातो. सीझरची लीजन (एनसीआरशी लढणारी फौज) आणि एनसीआर मात्र कथेच्या ओघात एकदाच माफी देतात. स्ट्रिप या कसिनोंच्या भागात पोहोचून पुढे गेलात की त्यांचे दूत स्वतः भेटायला येतात. ती एक माफी जपून वापरा.

फॉलआउट ४ मध्ये 'मास फ्युजन' ही क्वेस्ट हा खरा फाटा आहे. इन्स्टिट्यूटसोबत तिकडे गेलात की ब्रदरहुड कायमचा शत्रू, आणि ब्रदरहुडच्या प्रॉक्टर इन्ग्रामला खबर दिलीत की इन्स्टिट्यूट. गेम आधी सूचना दाखवतो, ती वाचा आणि तिथेच वेगळा सेव्ह ठेवा. तो सेव्ह नसेल आणि दोन्हीकडचे दरवाजे बंद झाले असतील, तर प्रेस्टन गार्वीला शोधा: त्याचे स्वयंसेवक रक्षक, मिनिटमेन, तुम्हाला कायमचं हाकलून देत नाहीत, आणि त्यांच्या वाटेने कथा शेवटापर्यंत नेता येते.