नाताळात फॅमिली घेऊन पणजीला जाताय? मग या चुका टाळा

नाताळ म्हणजे 25 तारीख हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कोल्हापूर-बेळगावचे पाहुणे आणि खरं सांगायचं तर आमचे डिचोली-फोंड्याचे लोकसुद्धा बरोब्बर 25 ला सकाळी अकराला पोरंबाळं, आजी-आजोबा सगळ्यांना गाडीत कोंबून पणजीत हजर. त्या वेळी इथली ख्रिश्चन कुटुंबं मिसा (चर्चमधली प्रार्थना) आटपून घरच्या जेवणाच्या गडबडीत असतात, बरीच छोटी घरगुती हॉटेलं बंद, दुकानांची शटरं खाली, आणि लायटिंग तर भर उन्हात काय दिसणार, कपाळ? मग "काहीच नाही हो पणजीत" म्हणत मिरामारच्या वाळूत जाऊन बसायचं.

अहो, दिवस बदला ना! सजावट तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत असते. 26 नंतरची कुठलीही संध्याकाळ धरा, साडेपाचच्या सुमारास पोचा, उजेडात थोडं फिरून होतं आणि अंधार पडला की स्टार कंदील पेटलेले दिसतात.

दुसरी चूक गाडीची. अठरा जून रस्त्यावर किंवा पणजीच्या त्या पायऱ्यांच्या मोठ्या चर्चजवळच पार्किंग मिळेल या आशेवर लोक फेऱ्या मारत बसतात, मागे पोरं रडतायत, आजीला बाथरूमला जायचंय, आणि पुढची गाडी हलत नाही. गाडी पाटो भागात बसस्टँडच्या बाजूला लावून टाका. तिथून ओरेमची खाडी ओलांडली की मळा-फोंतेन्यास ही रंगीत घरांची जुनी वस्ती, चालत जाण्याइतकंच अंतर आहे. दुपारी येऊन लवकर परतणार असाल तर कदंबाची सरकारी बसच बरी, पण रात्री बसेस विरळ होतात तेव्हा परतीची शेवटची बस उतरतानाच विचारून ठेवा. स्कूटरवाल्यांनो, मांडवीवरच्या अटल सेतूवर टू-व्हीलर चालत नाही, जुन्याच पुलावरून या.

फोंतेन्यासमध्ये सगळ्यात जास्त चिडचिड होते ती फोटोंवरून. ती रंगीत घरं म्हणजे सेट नाही, आत माणसं राहतात, जेवतात, झोपतात. कुणाच्या पायरीवर पोराला उभं करून "जरा हस रे" चालू केलं की घरमालक बाहेर येणारच, आणि यायलाच पाहिजे. त्यापेक्षा व्हरांड्यात गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडलेला दिसला तर "बघू का?" म्हणून विचारा, बहुतेक जण हौसेने दाखवतात. नीट वाकून बघा, काही घरांत गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून नाचणी पेरून रुजवलेली असते, अगदी आपल्या नवरात्रातल्या घटासारखी. पोरांना हे सेल्फीपेक्षा जास्त लक्षात राहतं.

चर्चच्या त्या नागमोडी पायऱ्या गुडघेदुखीवाल्यांना चढायला लावू नका, रात्री लायटिंगमध्ये चर्च खालूनच जास्त छान दिसतं. आत जाणार असाल तर खांदे झाकलेले हवेत, आणि मिसा चालू असेल तर मोबाईल खिशात. गर्दीत कुणी चुकलंच तर भेटायचं ठिकाण म्हणून याच पायऱ्यांचा तळ आधी ठरवून ठेवा, फोनच्या भरवशावर राहू नका.

आता खाण्याचं, कारण खरी भांडणं इथे होतात. घरात अंडं न खाणारं कुणी असेल तर बिबिंक, म्हणजे इथला थरांचा गोड केक, घेताना सांभाळा. त्यात अंड्याचे बलक असतात, भरपूर असतात, एकेक थर वरून आच देऊन भाजत बनवतात, आणि दिसायला ते इतकं निरागस दिसतं की आजी दुसरा तुकडा मागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. बोलिन्यांतही, म्हणजे नारळाच्या बिस्किटांतही, अंडं असतं. अशा लोकांसाठी दोदोल बघा, तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ, किंवा सरळ नेवऱ्या घ्या, आपल्या करंज्याच त्या. कुलकुलात, म्हणजे त्या तळलेल्या गोड शंखोळ्यांत, काही जण अंडं घालतात काही नाही, विचारूनच घ्या. आणि चुकून खाल्लंच गेलं असेल तर रस्त्यात तमाशा नको, घरी गेल्यावर बोला.

31 ला येणार असाल तर सुट्टे पैसे जवळ ठेवा. गावागावात पोरं जुन्या कपड्यांचा, गवताचा म्हाताऱ्याचा पुतळा करून रस्त्यात गाडी अडवतात, मध्यरात्री त्याला जाळतात. घाबरून काच वर करू नका हो, दहा-वीस रुपये द्या आणि मागच्या सीटवरच्या पोरांना तो म्हातारा नीट बघू द्या.