कमांडने यूजर आणि ग्रुप सांभाळताना या चुका टाळा

लिनक्सवर यूजर आणि ग्रुप बदलणाऱ्या कमांड काम झालं की बहुतेकदा काहीच बोलत नाहीत. भलतंच काम झालं तरी गप्पच. म्हणून चूक कळते ती कुणाचं तरी काम अडल्यावर.

सगळ्यात महागात पडते ‘यूजरमॉड’, म्हणजे यूजरची माहिती बदलणारी कमांड. एखाद्याला कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या ग्रुपमध्ये घ्यायचंय म्हणून नुसता कॅपिटल ‘जी’ पर्याय दिला, तर जुने सगळे दुय्यम (मुख्य ग्रुप सोडून बाकीचे) ग्रुप पुसले जातात आणि डॉकर एकटाच उरतो. त्यात ‘सुडो’ ग्रुपही जातो, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) हक्काने कमांड चालवू देणारा ग्रुप. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर त्याचं नाव ‘व्हील’. सोबत स्मॉल ‘ए’ हवाच. मी तर ग्रुप सांभाळणाऱ्या ‘जीपासडब्ल्यूडी’ला स्मॉल ‘ए’ लावून यूजर जोडणं पसंत करतो, कारण ती कमांड बाकीच्या ग्रुपांना हातच लावत नाही. (डॉकर ग्रुप देणं म्हणजे जवळपास रूट देणंच, हेही जाता जाता.)

स्वतःचाच सुडो गेला असेल, तर उघडं टर्मिनल बंद करू नका. ग्रुपांची यादी लॉगिनच्या वेळी ठरते, त्यामुळे जुन्या सेशनमध्ये सुडो बहुतेकदा अजून चालतो. तिथूनच दुरुस्त करा. ते टर्मिनल बंद झालं आणि रूटचा पासवर्डही नसला, तर रिकव्हरी मोड गाठावा लागतो.

‘ग्रुपमध्ये घेतलं, तरी परवानगी नाही म्हणतंय’ या तक्रारीचं मूळही इथेच. नुसतं ‘आयडी’ चालवलं की चालू सेशनचे ग्रुप दिसतात. पुढे यूजरचं नाव दिलं की नोंदीतले. दोन्हींत फरक दिसला, तर लॉगआउट करून परत या. टीमक्स (टर्मिनलची सेशन मागे चालू ठेवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याचा जुना सर्व्हरही बंद करा, तो जुनेच ग्रुप धरून बसलेला असतो.

डेबियन लिनक्सवर नवा यूजर बनवणारी ‘यूजरअ‍ॅड’ स्मॉल ‘एम’शिवाय होम फोल्डर बनवत नाही. तिथे ‘अ‍ॅडयूजर’ वापरा, विषय संपला.

माणूस काम सोडून गेला की ‘पासडब्ल्यूडी’ने खातं लॉक करून निर्धास्त होणारे बरेच. लॉक होतो तो फक्त पासवर्ड. एसएसएच की (दुरून पासवर्डशिवाय लॉगिन करायची किल्ली) असेल तर दार उघडंच राहतं. मुदती ठरवणाऱ्या ‘चेज’ला कॅपिटल ‘ई’ आणि 0 देऊन खात्याची मुदतच संपवा.

आणि खातं उडवणाऱ्या ‘यूजरडेल’ची घाई नको. होमबाहेरच्या फायली जुन्या यूआयडीच्या (यूजरच्या क्रमांकाच्या) नावावर तशाच राहतात. नव्या यूजरला तोच आकडा मिळाला, तर त्या आपोआप त्याच्या होतात. आधी ‘फाइंड’ला ‘यूजर’ पर्याय देऊन त्या शोधा. खातं आधीच उडवलं असेल, तर ‘नोयूजर’ पर्याय द्या.