टाटाला निघण्याआधी ब्लॉक घेतलेत का?

बायोप्सीत कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी परळच्या टाटा हॉस्पिटलची चिठ्ठी दिली, की घरात धावपळ सुरू होते. आधार कार्ड, पैसे, कपडे, चार्जर हे कुणालाही सुचतं. तुम्ही आधी लॅबमध्ये जा आणि स्लाइड व ब्लॉक मागा. दोन्ही.

रिपोर्ट म्हणजे एका डॉक्टरने पाहून लिहिलेलं मत. पुढच्या हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट बायोप्सीतला तुकडा स्वतः बघतात, मग उपचार ठरतात. काढलेला तुकडा मेणात बसवतात तो ब्लॉक, त्याचा पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात ती स्लाइड. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर, हर-टू या तपासण्या ब्लॉकमधून नवे काप काढून करतात आणि हार्मोनची गोळी लागू पडेल का, हे ईआर, पीआरवरून कळतं. नुसत्या स्लाइड नेल्या की इथेच गाडी अडते. आईच्या वेळी आमचे ब्लॉक गावीच राहिले. भावाला रात्रीच्या गाडीने परत पाठवलं, आणि तो येईपर्यंत आई धर्मशाळेत कॉटवर बसून एकच विचारत होती, "औषध कधी सुरू होणार?"

लॅबवाले म्हणतील, "रिपोर्ट दिलाय ना?" हटू नका. अर्ज द्या, सही करा, ब्लॉक हातात घेऊनच बाहेर पडा. ब्लॉकच्या कडेवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा, एक आकडा चुकला तरी घोळ होतो. स्लाइड काचेच्या, म्हणून डबीत. ब्लॉक मेणाचा, म्हणून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत अजिबात नको. आणि सीटखालच्या बॅगेतही नको, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

सीटी, पेट स्कॅनच्या नुसत्या फिल्मवर राहू नका, सीडी मागा आणि ती उघडते का ते घरीच बघा. कागद तारखेप्रमाणे लावा, झेरॉक्स वेगळ्या. चालू गोळ्यांच्या यादीत काढे आणि भस्मंही लिहा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका, काहींचा किमोच्या औषधांशी खरंच विरोध असतो.

सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी मूळ रेशन कार्ड आणि आधार. दोन्हीकडे नाव सारखं आहे ना, ते आजच बघा. रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला रुग्णाचं पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्याचा फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यावा लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती. जागा असेलच असं धरू नका, आधी विचारा.

तोंडाचा कॅन्सर असेल तर रेडिएशनआधी दात दाखवा. नंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येणं अवघड होतं. पुढे मूल हवं असेल तर किमोआधीच डॉक्टरांशी बोला, लाजू नका.

ब्लॉक घेतलेत ना?

किमो सुरू झाल्यावर घरी थर्मामीटर हवाच. ताप १००.४ झाला तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.