फळ्यावर वाळवंट वाढू नका: ‘डेझर्ट’ की ‘डिझर्ट’?

मालवणात एका घरगुती खाणावळीबाहेर फळा आहे. सुरमई थाळी, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, आणि तळाला इंग्रजी अक्षरांत ‘डेझर्ट : शिरवळ्या’. एक एस गळला आणि गोडाच्या जागी वाळवंट आलं. पंढरीचं चंद्रभागेचं नव्हे, राजस्थानातल्या थरसारखं. तारकर्लीला पुळण हवी तेवढी आहे, पण ती कोणी ताटात मागत नाही.

आधी उच्चार सुधारा, स्पेलिंग मागाहून. आपण गोडाला सर्रास ‘डेझर्ट’ म्हणतो आणि तिथेच फसतो, कारण तो उच्चार वाळवंटाचा. त्यात जोर ‘डे’वर, पुढचं पुटपुटल्यासारखं. गोडाचा उच्चार ‘डिझर्ट’. ‘डि’ पटकन सोडायचा, जोर ‘झर्ट’वर द्यायचा. मराठीत असा जोर सरकवून अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला हा फरक चटकन कळत नाही. मांडीवर थाप मारून म्हणून बघा: वाळवंटाला पहिल्या अक्षरावर थाप, गोडाला दुसऱ्या. दहा वेळा केलंत की बसतं.

मग स्पेलिंग. वाळवंटात एस एक, गोडात दोन. पानात मोदक कधी एकच वाढत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

आता खरी मेख. ‘सोडून जाणे’ या अर्थाचं इंग्रजी क्रियापद लिहायचं वाळवंटासारखं, एकाच एसने, पण बोलायचं गोडासारखं. पलटण सोडून पळालेला शिपाई तो ‘डिझर्टर’. लॅटिनमधलं मूळच ‘सोडून देणे’ असं आहे. वाळवंट म्हणजे माणसांनी सोडलेली, ओसाड जागा. गोडाचा शब्द फ्रेंचांकडून आला, टेबलावरची ताटं उचलण्याच्या क्रियापदावरून. ताटं उचलली की मग गोड, ही त्यांची रीत.

आपल्याकडे मोदक वरणभाताबरोबरच पानात येतो. त्यामुळे माझ्या मते फळ्यावर ठळक ‘गोड’ लिहावं, आणि इंग्रजी हवंच असेल तर खाली बारीक अक्षरांत. मात्र रंगाऱ्याला तोंडी सांगू नका. कागदावर लिहून द्या, दुसऱ्या एसखाली रेघ मारा, आणि रंग ओला असतानाच एकदा जाऊन बघून या.