“प्रार्थनेसाठी सांगते हं…” : टीका करताना मंडळीत होणाऱ्या या चुका टाळा

‘कोणाचा न्याय करू नका’ हे बायबलमधलं येशूचं वचन (मत्तय 7:1) आपल्याकडे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बहुतेकदा दुसऱ्याला गप्प बसवायला वापरलं जातं. पुढची चार वचनं कोणी वाचत नाही.

पहिल्या वचनावरच थांबणं

येशू ‘भावाच्या डोळ्यातलं कुसळ राहू दे’ असं म्हणत नाही. आधी स्वतःचं मुसळ काढ, मग कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं म्हणतो. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. त्याच अध्यायात खोट्या संदेष्ट्यांना फळांवरून ओळखा, असंही तो सांगतो; पारख केल्याशिवाय ते कसं जमेल? त्याचा आक्षेप आहे तो भावाला दोषी ठरवून स्वतः न्यायासनावर बसण्याला.

निंदेवर प्रार्थनेचं पांघरूण

ही चूक सर्रास होते आणि करणाऱ्याला कळतही नाही. घरगुती प्रार्थनासभा संपते, चहाचे कप फिरतात आणि कोणीतरी आवाज खाली आणतं : “अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा हं. काय सांगू, रात्री किती वाजता घरी येते!” प्रार्थना एका वाक्याची, माहिती दहा मिनिटांची. व्हॉट्सॲपवर तर हीच ‘विनंती’ सकाळपर्यंत दुसऱ्या मंडळीत पोचलेली असते.

बोलण्याआधी एवढंच बघा : त्या मुलीची आई शेजारी बसली असती, तर हे असंच बोलला असता का? नसेल, तर “एका कुटुंबासाठी प्रार्थना करा” म्हणा. देवाला नाव ठाऊक आहे. ऐकणाऱ्यांनीही ‘अगंबाई!’ करत बसू नये. “ताई, तुम्ही तिच्याशी बोललात का?” असं विचारलं की पुष्कळशा गोष्टी तिथेच थांबतात. नीतिसूत्रे 26:20 हेच सांगतं : लाकडं संपली की आग विझते, चहाडखोर नसला की भांडण मिटतं.

ज्याची चूक, त्याला सोडून सगळ्यांना सांगणं

मत्तय 18:15-17 मधला क्रम स्पष्ट आहे : आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, शेवटी मंडळीपुढे. आपण आधी मंडळीभर करतो, मग पाळकसाहेबांच्या कानावर घालतो. ज्याची चूक त्याला सगळ्यात शेवटी कळतं, तेही तिसऱ्याकडून. इफिसात अपुल्लोस या उपदेशकाची शिकवण अपुरी आहे, हे प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याच्या लक्षात आलं. त्यांनी सभास्थानात त्याला खोडून काढलं नाही. जवळ घेऊन नीट समजावलं (प्रेषितांची कृत्ये 18:26). अंत्युखियात मात्र प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला सर्वांदेखत सुनावलं. पेत्र परराष्ट्रीयांच्या (यहूदी नसलेल्यांच्या) पंगतीतून बाजूला झाला होता आणि बर्णबासकट इतर यहूदीही त्याच्यामागे गेले होते. चूक उघड, म्हणून बोलणंही उघड. पण तोंडावर, पाठीमागे नव्हे.

मतभेदाला पाप म्हणणं

लग्नात हळद लावावी का, शेजाऱ्यांकडचा दिवाळीचा फराळ खावा का, यावरून आपल्याकडे माणसं अबोला धरतात. रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय अशाच, खाण्यापिण्याच्या आणि सणवारांच्या वादांबद्दल आहे. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, असा पौलाचा सवाल आहे.

बोलून गेलात, आता काय?

ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोरच शब्द मागे घ्या. एकट्याने गुडघे टेकून क्षमा मागितली म्हणजे पसरलेली गोष्ट परत येत नाही.

वचनाआड गैरव्यवहार लपवणं

मंडळीचा हिशेब मागितला की “न्याय करू नका, बंधू” असं उत्तर येतं. पौलाने स्वतः वर्गणी नेताना सोबत माणसं घेतली ती कोणी बोट दाखवू नये म्हणूनच (2 करिंथ 8:20-21). मंडळीच्या वडिलांवरचा (पुढाऱ्यांवरचा) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, हे 1 तीमथ्य 5:19 पुष्कळांना पाठ असतं. पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दाखव, हे पुढचंच वचन मात्र आठवत नाही.

आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर ‘आधी एकांतात बोला’ हा सल्ला कोणी देऊ नये. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (2012) माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. तिथे पंचांच्या बैठकीची वाट न पाहता थेट पोलिसांत जायचं.