टिलरचं गिअर ऑइल कमी होतंय? या चुका टाळा

टिलर म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं मशीन. त्याच्या इंजिनाचं कौतुक फार होतं. दोरी ओढून ते सुरू झालं नाही की आपण हातातली कामं टाकून त्याच्यापुढे बसतो. गिअरबॉक्स मात्र मुकाट्याने राबत असतो. पाती फिरवणारं सगळं बळ त्याच्यातून जातं, तरी तो क्वचितच कुरकुरतो. आणि कुरकुरायला लागला, की बहुतेक वेळा तेल घालण्याची वेळ निघून गेलेली असते.

त्याच्याबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर पुढचं बरंच सोपं होतं. इंजिनातलं तेल चालता चालता थोडंफार जळतं. गिअरबॉक्समधलं जळत नाही, कारण तिथे जळायला जागाच नाही. त्यामुळे पातळी घटली असेल तर तेल कुठून तरी बाहेर गेलंय. वाढली असेल तर आत काहीतरी शिरलंय. यापलीकडची शक्यता एकच: तुम्ही पातळी चुकीची पाहिली. आणि ही शक्यताच सगळ्यांत जास्त वेळा खरी ठरते, म्हणून सुरुवात तिथूनच.

मशीन तिरकं, माप खोटं

टिलर उभा करून ठेवला की तो पात्यांवर किंवा मागच्या खुंटावर कलतो. अशा कललेल्या मशीनच्या गिअरबॉक्सचा तेल बघायचा बोल्ट उघडून आत बघितलं, तर तेल एका बाजूला गेलेलं असतं. कधी ते भोकातून वाहून येतं आणि वाटतं, भरपूर आहे. कधी दिसतच नाही, म्हणून आपण ओतत बसतो. सपाट जागा शोधा, लागलं तर खाली लाकडाचा ठोकळा द्या आणि मॅन्युअलमध्ये चित्र असेल तशा स्थितीत मशीन ठेवा. काही मॉडेल्समध्ये हँडल किंवा पाती किती खोल जावीत हे ठरवणारा खुंट ठराविक खाचेत असतानाच पातळी बघायची असते.

दुसरं, काम संपवून लगेच बघू नका. चालत्या गिअरबॉक्समध्ये गिअरचे दाते तेलात बुडून ते वर उडवत असतात. बंद केल्यावर ते निथळून खाली यायला, त्यातले बुडबुडे विरायला वेळ लागतो. शिवाय गरम तेल फुगलेलं असतं. मॅन्युअलमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर मशीन पूर्ण गार झाल्यावर बघा, आणि दर वेळी त्याच अवस्थेत बघा. एकदा गरम, एकदा गार असं बघितलं तर घट झाली की नाही हे कळणारच नाही.

पेट्रोल इंजिन असेल तर हात घालण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा. मग बोल्टभोवतीची माती ब्रशने झाडा, कापडाने पुसा, आणि त्यानंतरच बोल्ट सोडवा. हे वाचायला फुटकळ वाटतं, पण चिमूटभर रेती आत पडली तर ती तेलात फिरून दाते घासत राहते.

पातळी बघायला साधा बोल्ट असेल तर तेल बहुधा भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असावं. तेल मोजायची काडी असेल तर ती आटे फिरवून पूर्ण आत बसवून बघायची की नुसती टेकवून, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. आट्यांच्या उंचीइतका फरक पडतो, आणि लहान गिअरबॉक्समध्ये तेवढा फरक बराच मोठा असतो.

एक कबुली देतो. पहिल्या हंगामात मी दर आठवड्याला इमानेइतबारे तेल तपासत होतो, पण ते इंजिनाचं. गिअरबॉक्सचा बोल्ट वेगळा असतो हे मातीच्या थराखाली तो सापडला तेव्हा कळलं. तुमच्या मशीनवर दोन्ही जागा रंगाने खुणा करून ठेवा. आणि टिलर नवा असेल तर पहिल्यांदा सुरू करण्याआधीच दोन्हीकडे बघा. काही मशीन वाहतुकीसाठी तेल न भरता पाठवली जातात.

लहान टिलरपैकी काहींमध्ये तेल नसतंच, आत ग्रीस असतं, आणि काही गिअरबॉक्स कायमचे बंद असतात. तिथे भोक सापडलं नाही म्हणून उगाच बोल्ट खोलत बसू नका.

नव्वद, एकशेचाळीस आणि पितळी रंगाचा गिअर

'घरात इंजिन ऑइल आहे, तेच घालू' ही चूक तर होतेच, पण तिच्यामागचं कारण गमतीचं आहे. डब्यावर ४० लिहिलेलं इंजिन ऑइल आणि ९० लिहिलेलं गिअर ऑइल यांत दुपटीचा फरक वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही जाडीला साधारण सारखीच असतात. इंजिनाच्या आणि गिअरच्या तेलाची मोजपट्टी वेगळी आहे, एवढंच. खरा फरक जाडीत नसून आत मिसळलेल्या रसायनांत असतो. गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात. दात्यावर दाता जोरात दाबला गेला की ती धातूवर पातळ थर तयार करतात, तेल पिळून बाहेर गेलं तरी धातूवर धातू घासत नाही. त्या डब्याला येणारा उग्र वास याच गंधकाचा. तरीही, तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सला इंजिन ऑइलच सांगितलं असेल तर तेच घाला. काही टिलरची रचना तशी असते.

अडचण पुढे आहे. पुष्कळ टिलरमध्ये, विशेषतः पाती मागे असलेल्या मोठ्या मशीनमध्ये, वर्म गिअर असतो. त्यात पोलादी वर्म स्क्रूसारखा फिरतो आणि ब्राँझचं चाक फिरवतो. ब्राँझ मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे झीज झालीच तर चाकाची व्हावी. पण जी रसायनं पोलादाला वाचवतात, त्यातली तीव्र गंधकाची ब्राँझला खातात. म्हणून डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ यांपैकी गिअर ऑइलचा कोणता प्रकार लिहिलाय हे बघणं गरजेचं आहे. जीएल-५ मध्ये या रसायनांचं प्रमाण बरंच जास्त असतं. 'आकडा मोठा म्हणजे तेल भारी' असं समजून जीएल-५ घालणारे खूप. आजची काही जीएल-५ तेलं तांबं-पितळेला त्रास देत नाहीत, पण ते डब्यावर किंवा तेलाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं हवं. तिथे तांब्याच्या पट्टीची चाचणी दिलेली असते. तापवलेल्या तेलात तांब्याची चकचकीत पट्टी बुडवून ती किती काळवंडते ते बघतात आणि १ ते ४ असा दर्जा देतात. १ म्हणजे जवळजवळ डाग नाही, ४ म्हणजे पट्टी खाल्ली गेली. ब्राँझसाठी १ वाला डबा घ्या.

जाडीबद्दल सांगायचं तर वर्म गिअरमध्ये दाते एकमेकांवर लोळत नाहीत, घसरतात. घसरण्याने उष्णता जास्त होते, म्हणून तिथे ८५डब्ल्यू-१४० सारखं जाड तेल सांगितलेलं आढळतं. म्हणूनच असा गिअरबॉक्स कामानंतर तापला तर लगेच घाबरू नका. नेहमीपेक्षा जास्त तापायला लागला, तर मात्र थांबा.

'थोडं जास्तच असू दे'

नको. काठोकाठ भरलेल्या तेलात गिअर फिरले की ते घुसळलं जातं, फेस होतो. फेस म्हणजे अर्धी हवा, आणि हवा दाते वाचवत नाही. वर तेल तापून फुगतं, त्याला जागा लागते. जागा नसेल तर ते ऑइल सीलमधून, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या कडीतून, वाट काढतं. मग आपण म्हणतो, सील खराब निघालं.

इथेच ब्रीदर येतो, ज्याच्याकडे कुणीच बघत नाही. गिअरबॉक्सच्या वर एक छोटं भोक किंवा भोक असलेली टोपी असते, तापलेली हवा बाहेर जाण्यासाठी. ती मातीने बुजली की आत दाब साठतो आणि चांगलं सीलही पाझरू लागतं. सील बदलूनही गळती थांबत नसेल तर आधी ब्रीदर साफ करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

गळतीवर ग्रीसचा उतारा

तेल गळतंय म्हणून गिअरबॉक्समध्ये घट्ट ग्रीस कोंबायचं, हा जुना उपाय. ग्रीस गळत नाही हे खरं. पण दात्यांनी ते एकदा बाजूला सारलं की ते तिथेच भिंतीला चिकटून राहतं, परत वाहून खाली येत नाही. गिअर त्या ग्रीसमध्ये एक पोकळ वाट कोरतो आणि त्या वाटेत कोरडा फिरतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, कारण थेंब पडत नाही.

गळती खरंच कुठून सुरू होते ते बघा. बहुतेक वेळा गुन्हेगार पात्यांच्या मुळाशी सापडतो. गवत, वेली, सुतळी, प्लॅस्टिकचा दोरा पात्यांच्या शाफ्टला गुंडाळत जातो, सरकत सरकत ऑइल सीलपर्यंत पोचतो आणि तिथे रोज थोडं थोडं कापतो. नायलॉनचा दोरा तर करवतीसारखं काम करतो. पाती वर वर साफ दिसतात, पण आतल्या पात्यामागे बोटभर जाडीची गाठ बसलेली असते. कामाचा दिवस संपला की पिन काढून पाती उतरवा, सुरीने ती गाठ कापून काढा. चढवताना शाफ्टवर ग्रीसचा पातळ हात फिरवा, म्हणजे पुढच्या वेळी पाती गंजून अडकणार नाहीत. हे एक काम नेमाने केलं तर सीलचं आयुष्य कितीतरी वाढतं.

तेल वाचायला शिका

जुनं तेल सरळ डब्यात ओतून टाकू नका, आधी पारदर्शक बाटलीत घ्या आणि रात्रभर ठेवा. दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय. सकाळी तळाशी वेगळं पाणी दिसलं तर शंकाच उरत नाही. पाणी कुठून? बऱ्याचदा मशीन धुताना, पाण्याचा जोराचा फवारा सीलवर किंवा ब्रीदरवर धरल्यामुळे. टिलर ब्रशने साफ करा. धुवायचाच तर या दोन जागा सोडून. पाणी असलेलं तेल घेऊन मशीन पुढच्या हंगामापर्यंत ठेवलं तर बेअरिंग गंजतात, म्हणून तेल ठेवणीपूर्वी बदलावं, नंतर नाही.

तळाशी धातूचा चुरा असेल तर त्यात लोहचुंबक फिरवा. चिकटला तो पोलादाचा. न चिकटणारा सोनेरी चुरा ब्राँझच्या चाकाचा. नव्या मशीनच्या पहिल्या तेलात बारीक चमक दिसणं स्वाभाविक आहे. कपच्या, तुकडे किंवा दर वेळी वाढत जाणारी सोनेरी चमक दिसली, तर गिअरबॉक्स उघडायची वेळ झाली. तेल काळं आणि करपल्या वासाचं असेल तर ते कमी पातळीत किंवा अति तापमानात चाललंय.

बदलताना घाई नको

खालचा बोल्ट उघडून तेल सोडण्याआधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. तेल खाली सोडून झालं आणि वरचा बोल्ट गंजून अडकला, तर मशीन जागेवरच बसलं. तेल कोमट असताना सोडा, गाळ सोबत येतो. बोल्टखालचा वायसर नवा टाका आणि बोल्ट आवळताना पान्यावर लोंबकळू नका. गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या कवचाचे आटे एकदा गेले की दुरुस्ती महाग पडते. जुनं तेल मातीत ओतू नका, साठवून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या.

वंगण घालायच्या उत्साहात बेल्टवर आणि पुलीवर मात्र तेल उडू देऊ नका, बेल्ट घसरतो. केबल, लिव्हरचे सांधे, चाकांचा दांडा यांना दोन-चार थेंब पुरेत. ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड, आधी पुसा, नाहीतर ग्रीस भरायच्या बंदुकीच्या टोकाने माती आत ढकलली जाते.

नवं तेल भरल्यावर दहा मिनिटं मशीन चालवा, गार होऊ द्या आणि पातळी पुन्हा बघा. पोकळ्यांत अडकलेली हवा निघून ती थोडी खाली आलेली असते. मग रात्री मशीनखाली पुठ्ठ्याचा मोठा तुकडा सरकवून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. इंजिनाखाली असेल आणि गंधकाचा वास नसेल तर ते इंजिनाचं. पात्यांच्या बाजूला, उग्र वासाचं असेल तर सील. बोल्टच्या बरोबर खाली एकच थेंब असेल, तर काल वायसर बदलायचा राहिला.