कुंपण नसलेल्या कॅम्पमध्ये राहायला जाताय? कगालागाडीला जायच्या आधी हे वाचा

पहिल्या ट्रिपला आम्ही सगळं नेलं होतं, अगदी मीठ आणि मिरपूड वेगवेगळ्या डब्यांत, आणि काडेपेटी विसरलो. ग्रूटकोल्क नावाच्या लांबच्या कॅम्पला पोचलो तर शेगडी गॅसची, बाहेर निखाऱ्यांची जाळी, आणि पेटवायला हातात काही नाही. सगळ्यात जवळचं दुकान नोसॉबच्या मोठ्या कॅम्पला, म्हणजे शंभरेक किलोमीटर मागे, तेही वाळू-खडीच्या रस्त्याने. कॅम्पवरच्या माणसाने लायटर दिला म्हणून निभावलं. आता मी तीन लायटर तीन वेगळ्या पिशव्यांत टाकतो आणि बायको हसते, हसू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कगालागाडी ट्रान्सफ्रंटियर पार्क म्हणजे साऊथ आफ्रिका आणि बोट्सवानाचं कलहारी वाळवंटातलं जोड अभयारण्य. साऊथ आफ्रिकेचं कलहारी गेम्सबॉक नॅशनल पार्क १९३१ सालचं, ते २००० साली शेजारच्या बोट्सवानाच्या पार्कला जोडलं. औब आणि नोसॉब अशा दोन नद्या आहेत, पण नदी म्हणजे नुसती कोरडी पात्रं, पाणी वाहतं ते कधी काळी. मुख्य रस्ते या पात्रांच्या कडेनेच जातात आणि प्राणीही तिथेच दिसतात. ट्वी रिव्हिएरन, माटा-माटा आणि नोसॉब हे तीन मोठे कॅम्प, तिथे कुंपण, पेट्रोल आणि छोटं दुकान आहे. मी बोलतोय ते याव्यतिरिक्त जे वाइल्डरनेस कॅम्प आहेत त्यांच्याबद्दल, म्हणजे कीलीक्रांकी, उरिकारूस, ग्रूटकोल्क, बिटरपान, गारागाब. प्रत्येक ठिकाणी साधारण चारच खोल्या, बहुतेक खोल्यांत दोघांची सोय, कुंपण नाही, दुकान नाही, पेट्रोल नाही, मोबाईलला रेंज नाही.

बुकिंग साऊथ आफ्रिकेच्या नॅशनल पार्क्सच्या साईटवरून होतं आणि ते जवळजवळ वर्षभर आधी करावं लागतं, कारण चार खोल्या म्हणजे किती? उरलंसुरलं बघायला गेलात तर मधलीच एखादी रात्र सुटी मिळते, ती पण सोडू नका. बारा वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर या पाचांचा विचारच करू नका, परवानगी नाही, त्यांच्यासाठी माटा-माटाजवळचा कलहारी टेंटेड कॅम्प आहे. आणि गाडी बघून कॅम्प निवडा. बिटरपान आणि गारागाबला फोर बाय फोरच लागते, रस्ता एकेरी आणि टेकाडांवरून. पहिल्यांदा जाणाऱ्याने कीलीक्रांकी किंवा उरिकारूस घ्यावं असं माझं मत. कीलीक्रांकी लाल टेकाडात रुतल्यासारखं बांधलंय, ट्वी रिव्हिएरनपासून पन्नासेक किलोमीटर. उरिकारूस खांबांवर उभं आहे, खाली औबचं पात्र आणि पाणवठा, खुर्चीत बसल्या बसल्या जनावरं दिसतात. ग्रूटकोल्क मला जास्त आवडतं पण ते लांब आहे, साऊथ आफ्रिका, बोट्सवाना आणि नामिबिया या तिन्ही देशांच्या सीमा मिळतात त्या कोपऱ्याजवळ, आणि ट्वी रिव्हिएरनहून एका दिवसात तिथे जायचं म्हणजे कंबर मोडते. मध्ये नोसॉबला एक रात्र काढा.

आता पाणी. कॅम्पवर नळाला पाणी येतं, आंघोळ-भांड्यांना ठीक, पण ते बोअरचं मचूळ पाणी आहे, त्याचा चहा केला तर पहिल्या घोटालाच कळतं. पिण्याचं पाणी आपण न्यायचं. माझा हिशोब माणशी रोज पाच लिटर, आणि वर एक जादा दिवस धरायचा, कारण गाडी वाळूत रुतली तर त्या दिवशी प्यायचं पाणी कुठून आणणार? एकच मोठा कॅन घेऊ नका, पाच-पाच लिटरचे घ्या. आमचा एक पंचवीस लिटरचा कॅन खडखडाटाने तळाशी चिरला आणि निम्मं पाणी गाडीच्या कार्पेटमध्ये गेलं, दोन दिवस गाडीला ओल्या कुत्र्यासारखा वास.

लाकूडही आपलंच. पार्कमधली वाळकी फांदीसुद्धा उचलायची नाही, नियम आहे आणि बरोबरच आहे, त्या फांदीत पाली-किडे-पक्षी राहतात. दुकानात पिशव्या मिळतात, कॅमल थॉर्नचं लाकूड मिळालं तर तेच घ्या, जड असतं, उशिरा पेटतं पण निखारा तासन् तास टिकतो. एका रात्रीला एक पिशवी, जून-जुलैत दोन, तिकडे तेव्हा हिवाळा असतो. त्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली जातो, हे वाळवंट म्हटल्यावर लोकांना पटतच नाही आणि मग ते एका पातळ जॅकेटवर येतात. उलट नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारी चाळीसच्या वर. मला विचाराल तर एप्रिल-मे.

जेवणाचं सामान अपिंग्टनला भरा, पार्कच्या गेटपासून अडीचशे किलोमीटरवर आहे, त्यानंतर नीट म्हणावं असं मोठं दुकान नाही. कॅम्पवर गॅसवरचा फ्रीज, शेगडी, भांडी-ताटल्या, चादरी-टॉवेल सगळं असतं, त्यामुळे घर उचलून नेऊ नका. मांस गोठवलेलं, हवा काढून पॅक केलेलं घ्या, कूलबॉक्समध्ये तेच बर्फाचं काम करतं आणि शेवटच्या रात्रीचं पाकीट सगळ्यात तळाला ठेवायचं. पालेभाज्या, टोमॅटो, केळी पहिल्या दोन दिवसांत संपवा. बटाटे, रताळी, कांदे, कोबी, गाजर कितीही खड्डे खाल्ले तरी टिकतात. रताळं फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यात सरकवलं की पाऊण तास विसरायचं. तिथली लोकं जाळीत ब्रेड-चीज-टोमॅटो-कांदा दाबून निखाऱ्यावर भाजतात, ब्राय-ब्रूइकी म्हणतात त्याला, शाकाहारी माणसाचं पोट त्यावर आरामात भरतं. अंडी मात्र मांडीवर घेऊन जा, मस्करी नाही करत.

रस्ता. ट्वी रिव्हिएरनला गेट ओलांडलं की आधी टायरची हवा कमी करा, साधारण १.६ ते १.८ बार, नाहीतर पन्हाळी रस्त्यावर दात वाजतात आणि टायरही फुटतात. स्पीड लिमिट ५० आहे पण प्रत्यक्षात ३०-४० च पडतो, त्यात सिंह दिसला की तासभर गेलाच. गेटच्या वेळा सूर्याप्रमाणे महिन्या-महिन्याला बदलतात, आणि बंद व्हायच्या आत कॅम्पवर पोचायचंच, म्हणून दुपारीच निघा. पिकनिक स्पॉट सोडून कुठेही गाडीतून उतरायचं नाही, हे लघवीलाही लागू आहे, त्यामुळे सकाळचा दुसरा चहा जरा विचार करूनच घ्या. भाड्याची गाडी असेल तर स्टेपनीची हवा, जॅक आणि पाना तिथेच उघडून बघा. आम्हाला मिळालेल्या गाडीत जॅक होता, त्याचा दांडाच नव्हता, आणि हे कळलं पंक्चर झाल्यावर. उंच गवताच्या दिवसांत टेकाडांचा रस्ता घेणार असाल तर मधूनमधून, कॅम्पवर किंवा उतरायची परवानगी असलेल्या जागी, गाडीखाली वाकून बघा. सायलेन्सरपाशी वाळकं गवत अडकतं आणि त्याने गाड्या खरंच पेटल्या आहेत.

आणि माटा-माटाच्या बाजूने नामिबियात निघून जायचा प्लॅन असेल तर पार्कमध्ये निदान दोन रात्री राहावं लागतं, ते आधीच जुळवा.

कॅम्पवर पोचल्यावर पहिलं काम: गाडीतलं सगळं, म्हणजे चष्मा, औषधं, टॉर्च, जाड स्वेटर, पाणी, उजेडात आत आणायचं. अंधार पडला की खोली ते गाडी हे वीस पावलांचं अंतर तुमचं नाही. कॅम्पवर एक कर्मचारी असतो, त्याच्याकडे बंदूक असते, पण तो तुमचा पाठीराखा म्हणून रात्रभर उभा नसतो. आज कोण येऊन गेलं हे त्याला विचारा, तो वाळूतले ठसे दाखवतो, आमच्या पायरीपासून दोन हातांवर सिंहिणीचा ठसा होता, कडा अजून धारदार, म्हणजे पहाटेचाच.

जेवण लवकर करा. सूर्य मावळताना टेकाडांतून टक-टक-टक असा आवाज सुरू होतो, शेकडो ठिकाणांहून एकदम, ते भुंकणारे गेको, बोटाएवढी पाल. तो आवाज म्हणजे आमची निखारे पसरायची वेळ. नंतर जाळी धुऊन आत घ्यायची, हाडं-खरकटं बाहेर ठेवायचं नाही. तपकिरी तरस वासावर येतं, आणि कोल्हा तर काहीही नेतो, माझी एक चप्पल नेली, दुसरी ठेवली. बसल्या जागेवरून उठताना टॉर्च आधी चहूबाजूंना फिरवा, डोळे चमकले की शांतपणे मागे मागे सरकत आत जायचं. पळायचं नाही, सिंहासमोर तर अजिबात नाही.

विंचवांसाठी एक छोटी यूव्ही टॉर्च घ्या, त्या उजेडात विंचू हिरवट चमकतात, भिंतीवर, पायरीवर, कुठे कुठे असतात ते बघून थक्क व्हाल. नांगी जाड आणि चिमटे बारीक असतील तर तो जास्त विषारी. बूट आत ठेवा आणि सकाळी उलटे करून झटका. मी दोन ट्रिपा झटकले, काही पडलं नाही, तिसरीला पडला.

लाईट सोलरची आहे, प्लग नाहीत. कॅमेरा-फोन गाडीत चार्ज करा, त्यासाठीची वायर किंवा इन्व्हर्टर घरूनच घ्या.

निघताना कचरा पिशवीत बांधून मोठ्या कॅम्पपर्यंत परत न्यायचा. आणि पार्कच्या बाहेर डांबरी लागायच्या आधी ट्वी रिव्हिएरनला टायरमध्ये परत हवा भरून घ्या, कमी हवेवर शंभरच्या स्पीडने पळवलीत तर टायर तापून फुटतो, आणि मग जॅकचा दांडा लागतो.